संगणक सल्ला : जपून ठेवलेले मेल डिस्कवर कसे राहतात

या वेळी आलेल्या पत्रांपैकी बरीचशी एकाच विषयाभोवती फिरतात. संगणकावर उतरवलेले मेल नेमके कोणत्या फाइलींत असतात, त्या फाइली एवढ्या का फुगतात आणि त्यांना हात लावावा की लावू नये, असा त्यांचा सूर आहे. म्हणून इतर प्रश्न पुढच्या अंकासाठी राखून ही पत्रे एकत्र घेतली आहेत.

प्रश्न : मी सांगलीत करसल्लागार आहे. कार्यालयात २०१० पासून थंडरबर्ड हा मेल-प्रोग्राम वापरतो आणि मेल पीओपी पद्धतीने संगणकावर उतरवून घेतो. डिस्क भरत आल्यामुळे शोध घेतला, तेव्हा ‘इनबॉक्स’ नावाची, कोणतेही एक्स्टेंशन नसलेली ११ जीबीची एक फाइल आणि तिच्या शेजारी ‘इनबॉक्स डॉट एमएसएफ’ नावाची काही एमबींची दुसरी फाइल सापडली. माझ्या इनबॉक्समध्ये सध्या जेमतेम चारशे मेल आहेत. बाकीचे मी अशिलांच्या नावांच्या फोल्डरांत हलवले आहेत किंवा काढून टाकले आहेत. मग ही फाइल एवढी मोठी कशी? यांपैकी कोणती फाइल काढली तर चालेल?

उत्तर : मोठ्या फाइलीला कृपया हात लावू नका. लहान फाइल काढली तरी नुकसान होणार नाही, पण त्याने जागाही वाचणार नाही. आपल्या प्रश्नाचे खरे उत्तर तिसरेच आहे आणि त्यासाठी या दोन फाइलींचे नाते समजून घ्यावे लागेल.

थंडरबर्ड आपला प्रत्येक फोल्डर ‘एमबॉक्स’ या पद्धतीने एकेका साध्या मजकूर-फाइलीत ठेवते. ही पद्धत १९७०च्या दशकात युनिक्स संगणकांवर रूढ झाली. तिचे तत्त्व सरळ आहे : नवा मेल आला की तो फाइलीच्या शेवटी जोडायचा. एक मेल कोठे संपला आणि दुसरा कोठे सुरू झाला हे कळावे म्हणून प्रत्येक मेलच्या आधी ‘फ्रॉम’ हा शब्द आणि त्याला लागून एक मोकळी जागा अशी सुरुवात असलेली ओळ घातली जाते. पाठवणाऱ्याचा पत्ता सांगणारी ‘फ्रॉम’ची ओळ वेगळी, तिच्यात त्या शब्दापुढे अपूर्णविराम असतो. सगळा डोलारा या एका ओळीवर उभा असल्यामुळे, एखाद्याने इंग्रजी पत्रातले वाक्यच ‘फ्रॉम’ने सुरू केले आणि ते ओळीच्या आरंभी आले, तर तेथे नवा मेल सुरू झाला असा प्रोग्रामचा समज होऊ शकतो. तो टाळण्यासाठी अशा ओळीच्या आधी ‘मोठे आहे’ हे गणिती चिन्ह घालण्याची प्रथा पडली. जुन्या मेलांत अधूनमधून हे चिन्ह विनाकारण दिसते, त्याचा उगम येथे आहे. या पद्धतीची रीतसर नोंद २००५ साली इंटरनेटविषयीच्या तांत्रिक दस्तऐवजांच्या ‘आरएफसी’ मालिकेत ४१५५ या क्रमांकाने झाली. तोवर तिचे अनेक पोटभेद वापरात येऊन गेलेले होते.

आपण हिशेबाच्या व्यवसायात आहात, म्हणून आपल्याच परिभाषेत सांगतो. ११ जीबीची फाइल ही कीर्द आहे आणि ‘एमएसएफ’ ही खतावणी. कीर्दीत मेल आले त्या क्रमाने, पूर्ण मजकुरासह आणि अटॅचमेंटसह नोंदलेले असतात. खतावणीत प्रत्येक मेलचा विषय, पाठवणारा, दिनांक आणि तो मोठ्या फाइलीत कितव्या बाइटपासून सुरू होतो एवढेच असते. आपण थंडरबर्ड उघडता तेव्हा पडद्यावरची यादी खतावणीवरून दाखवली जाते, आणि एखाद्या ओळीवर क्लिक केल्यावरच प्रोग्राम मोठ्या फाइलीत त्या ठिकाणी जाऊन मजकूर आणतो. खतावणी हरवली तर कीर्दीवरून ती पुन्हा मांडता येते. कीर्द गेली तर खतावणीतून काहीही उभे करता येत नाही. यादीत भलताच विषय आणि आत भलताच मजकूर असा प्रकार दिसला, तर खतावणी बिघडली आहे असे समजावे. फोल्डरच्या ‘प्रॉपर्टीज’मध्ये ‘रिपेअर फोल्डर’ हे बटण असते, ते ती नव्याने तयार करून देते.

आता ११ जीबींकडे वळू. आपण मेल काढून टाकता किंवा दुसऱ्या फोल्डरात हलवता, तेव्हा तो मोठ्या फाइलीतून निघून जात नाही. फाइलीच्या मधला एक तुकडा खरोखर काढायचा तर त्यापुढचा सगळा मजकूर मागे सरकवावा लागेल, आणि ११ जीबीच्या फाइलीत दर वेळी तसे करणे परवडणारे नाही. म्हणून थंडरबर्ड एक युक्ती करते. प्रत्येक मेलच्या हेडरमध्ये, म्हणजे पाठवणारा, विषय, दिनांक सांगणाऱ्या वरच्या ओळींत, ते ‘एक्स-मोझिला-स्टेटस’ नावाची स्वतःची एक ओळ घालते आणि त्या ओळीत नेहमी चारच अंक असतात. मेल वाचला की तेथे ‘०००१’ होते. वाचलेला मेल काढून टाकला की त्याच जागी ‘०००९’ लिहिले जाते, कारण वाचल्याची खूण १ आणि काढल्याची खूण ८ अशी बेरीज धरलेली असते. चार अंकांच्या जागी चारच अंक येत असल्यामुळे बाकीची फाइल जराही हलत नाही. त्यानंतर तो मेल यादीत दिसत नाही, पण त्याची सर्व अटॅचमेंट डिस्कवर जशीच्या तशी राहतात. अशिलाच्या फोल्डरात हलवलेल्या मेलचेही तसेच. त्याची पूर्ण प्रत नव्या फोल्डरच्या फाइलीत जोडली जाते आणि इनबॉक्समधल्या मूळ प्रतीवर फक्त काढल्याची खूण होते. म्हणजे आपल्या इनबॉक्सच्या फाइलीत चारशे जिवंत मेल आणि २०१०पासून साठलेले हजारो ‘निकाली’ मेल आहेत.

ही जागा मोकळी करण्याच्या क्रियेला थंडरबर्डमध्ये ‘कॉम्पॅक्ट’ म्हणतात. फोल्डरवर उजवे क्लिक करून ती निवडता येते. या क्रियेत प्रोग्राम एक तात्पुरती नवी फाइल उघडतो, खूण नसलेले मेल एकेक करून तिच्यात उतरवतो आणि शेवटी जुन्या फाइलीच्या जागी ही नवी ठेवतो. त्यामुळे जिवंत मेलांना पुरेल एवढी मोकळी जागा डिस्कवर आधी हवी. आपल्या इनबॉक्सला ती थोडीच लागेल, परंतु ‘सेंट’ किंवा अशिलांचे मोठे फोल्डर कॉम्पॅक्ट करताना जपावे. आधी प्रोग्राम बंद करून संपूर्ण प्रोफाइल फोल्डरची (थंडरबर्डचे मेल आणि सेटिंग्ज जेथे असतात त्या फोल्डरची) प्रत बाहेरच्या डिस्कवर घ्या, मग थंडरबर्ड पुन्हा सुरू करून कॉम्पॅक्ट करा आणि काम चालू असताना संगणक बंद करू नका. ठरावीक मर्यादेपलीकडे जागा वाचणार असेल, तर थंडरबर्ड आपणहून कॉम्पॅक्ट सुचवते. आपल्याकडे ही सूचना कोणीतरी कधीतरी कायमची बंद केली असावी, ती सेटिंग्जमधून पुन्हा चालू करून घ्या.

येथे एक सावधगिरीची गोष्ट नोंदवतो, कारण आपल्याकडे अशिलांची कागदपत्रे येतात. काढून टाकलेला मेल कॉम्पॅक्ट होईपर्यंत फाइलीत वाचता येण्याजोगा असतो. ‘ट्रॅश’ रिकामा केला तरी मूळ फोल्डरातली खूण केलेली प्रत राहतेच. चुकून काढलेले महत्त्वाचे पत्र परत मिळवायचे असेल तर हीच गोष्ट उपकारक ठरते : प्रोग्राम बंद करून त्या फोल्डरच्या फाइलीची प्रत घ्यावी, मोठ्या फाइली उघडू शकणाऱ्या एखाद्या टेक्स्ट एडिटरमध्ये त्या प्रतीतील ‘०००९’चे ‘०००१’ करावे आणि ती प्रत वेगळ्या नावाने ‘लोकल फोल्डर्स’मध्ये ठेवावी, थंडरबर्ड सुरू केल्यावर ती नवा फोल्डर म्हणून दिसते. परंतु जुना संगणक विकायचा असेल, तर हीच गोष्ट धोक्याची आहे. या फाइली कोणत्याही पासवर्डशिवाय, साध्या मजकुरात असतात आणि थंडरबर्डचा ‘प्रायमरी पासवर्ड’ फक्त साठवलेल्या पासवर्डांचे रक्षण करतो, मेलांचे करत नाही. मेल झाकायचे असतील तर विंडोजमधील बिटलॉकर किंवा मॅकमधील फाइलव्हॉल्ट यांसारखी संपूर्ण डिस्क कुलूपबंद करणारी सोय वापरावी लागते.

प्रश्न : मी पुण्यात भाषांतराचे काम करते. प्रकाशकांशी झालेला जुना पत्रव्यवहार शोधण्यासाठी थंडरबर्डची ‘सेंट’ फाइल थेट नोटपॅडमध्ये उघडली. इंग्रजी पत्रे नीट वाचता आली, पण मराठी पत्रांच्या जागी कोठे बरोबरची चिन्हे आणि इंग्रजी अक्षरे यांची रांग, तर कोठे नुसता अक्षरांचा काला दिसला. माझी मराठी पत्रे खराब झाली आहेत का?

उत्तर : नाही, पत्रे शाबूत आहेत. ती ज्या रूपात इंटरनेटवरून प्रवास करतात, त्याच रूपात फाइलीत ठेवलेली आहेत, इतकेच.

ईमेलच्या मजकुराचे मूळ नियम १९८२च्या आरएफसी ८२२मध्ये आहेत आणि ते इंग्रजी अक्षरांपुरते होते. १९९२मध्ये ‘माइम’ नावाची जोडव्यवस्था आली. तिने इतर लिप्या, चित्रे आणि अटॅचमेंट त्याच जुन्या चौकटीतून पाठवण्याची सोय केली. त्यासाठी दोन मार्ग ठरले. पहिल्या मार्गात प्रत्येक परकीय बाइट ‘बरोबर’चे चिन्ह आणि दोन अक्षरे असा लिहिला जातो, आपण पाहिलेली रांग त्याची आहे. दुसरा मार्ग ‘बेस ६४’. त्यात दर तीन बाइटांची चार साधी अक्षरे केली जातात. आपल्याला दिसलेला काला हा त्याचा.

देवनागरीतले एक चिन्ह यूटीएफ-८ या, सर्व लिप्या बाइटांत लिहिण्याच्या पद्धतीत तीन बाइट घेते. ‘मराठी’ या शब्दात म, र, काना, ठ आणि दीर्घ वेलांटी अशी पाच चिन्हे आहेत, म्हणजे १५ बाइट. पहिल्या मार्गाने त्याची ४५ अक्षरे होतात, बेस ६४ने २०. म्हणून मराठी पत्रव्यवहाराला बेस ६४ काटकसरीचा पडतो, तरी पुष्कळ मेल-प्रोग्राम पहिला मार्ग धरतात. बेस ६४मधले मराठी ओळखण्याची एक मजेशीर खूणही आहे. देवनागरीच्या बहुतेक सर्व नेहमीच्या चिन्हांचे पहिले दोन बाइट ठरावीक असल्यामुळे त्या काल्यात ‘४, के, एस’ किंवा ‘४, के, डब्ल्यू’ ही इंग्रजी अक्षरे पुन्हा पुन्हा येताना दिसतात. मध्ये मोकळी जागा आली की तीन-तीन बाइटांची गाठ सरकते आणि काही काळ वेगळाच आकृतिबंध दिसू लागतो.

तात्पर्य, मराठी शब्द नोटपॅडच्या शोधपेटीत टाकून हाती काही लागणार नाही. थंडरबर्डच्या आतील शोधच वापरा. तो मजकूर उलगडून पाहतो. त्याच्या सर्वव्यापी शोधासाठी सर्व मेलांची शब्दसूची प्रोफाइल फोल्डरात एका वेगळ्या एसक्यूलाइट (छोट्या डेटाबेसच्या) फाइलीत ठेवलेली असते. ती फाइल ‘ग्लोबल मेसेजेस’ अशा नावाने दिसते आणि चांगलीच मोठी होऊ शकते. पण तीही सूचीच असल्यामुळे, शोध नीट चालेनासा झाला तर प्रोग्राम बंद करून ती काढावी, ती पुन्हा तयार होते.

मात्र आपला पत्रव्यवहार बराच जुना असेल, तर एक अडचण उरते. युनिकोड ही सर्व लिप्यांसाठीची सामायिक संकेतव्यवस्था सर्वत्र रुळण्यापूर्वी श्रीलिपी किंवा तत्सम फॉन्टांत टंकलेली पत्रे मेलमध्ये चिकटवली जात. त्या पत्रांत प्रत्यक्ष साठवलेली असतात ती रोमन लिपीच्या संचातली अक्षरे आणि चिन्हे. मराठी दिसते ते फॉन्टच्या कृपेने. अशा मेलांत मराठी शब्द शोधून सापडत नाही. फॉन्ट परिवर्तकातून ती पत्रे युनिकोडमध्ये आणणे हाच उपाय आहे आणि तो एकेका पत्रासाठी हाताने करावा लागतो.

प्रश्न : आमच्या नाशिकच्या कारखान्यात खरेदी विभागाचे सर्व मेल आउटलुकमध्ये आहेत. त्याची पीएसटी फाइल ४६ जीबीपर्यंत गेली आहे. बॅकअपसाठी १२८ जीबीच्या पेनड्राइव्हवर टाकायला गेलो, तर फाइल फार मोठी असल्याचा संदेश येतो. जागा भरपूर असताना असे का? आणि फाइल ५० जीबीच्या पुढे गेली तर काय होईल?

उत्तर : पहिला दोष पेनड्राइव्हच्या मांडणीचा आहे. बाजारातले पुष्कळ पेनड्राइव्ह ‘फॅट ३२’ पद्धतीने मांडलेले असतात आणि त्या पद्धतीत कोणतीही एक फाइल ४ जीबीपेक्षा मोठी असू शकत नाही, मग ड्राइव्हवर जागा कितीही असो. त्यावरचे इतर काही असेल ते उतरवून घ्या आणि ड्राइव्ह ‘एक्सफॅट’ किंवा ‘एनटीएफएस’ने फॉरमॅट करा. प्रत घेताना आउटलुक पूर्ण बंद असले पाहिजे.

दुसरा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे. पुढचे विवेचन ‘क्लासिक’ म्हणजे जुन्या धाटणीच्या आउटलुकपुरते आहे. थंडरबर्डमध्ये फोल्डरागणिक एक फाइल असते. आउटलुक सगळे फोल्डर, मेल, कॅलेंडर आणि पत्ते मिळून एकाच पीएसटी फाइलीत कोंबते. ही मजकूर-फाइल नसून बंदिस्त डेटाबेस आहे. मेल जास्तीत जास्त ८ केबीच्या तुकड्यांत कापून ठेवले जातात. कोणता तुकडा कोठे आहे हे सांगणाऱ्या वृक्षाकृती सूचीही त्याच फाइलीत असतात. कीर्द आणि खतावणी येथे एकाच बाडात बांधल्या गेल्यामुळे सूचीला इजा झाली की मेलही हाताबाहेर जातात. मायक्रोसॉफ्टने या रचनेचा तपशील २०१०मध्ये जाहीर केला, त्यामुळे आता इतर प्रोग्रामही ती वाचू शकतात.

आउटलुक २००२पर्यंत पीएसटीची कमाल मर्यादा २ जीबी होती. मर्यादेला टेकलेल्या फाइली बिघडण्याचे प्रकार तेव्हा इतके होत, की त्यासाठी फाइलीचा शेवटचा भाग कापून टाकणारे साधन मायक्रोसॉफ्टला उपलब्ध करून द्यावे लागले होते. आउटलुक २००३पासून नवी रचना आणि २० जीबीची, तर २०१०पासून ५० जीबीची मर्यादा आली. ही ५० जीबीची मर्यादा रजिस्ट्रीतून, म्हणजे विंडोजच्या अंतर्गत सेटिंग्जच्या साठ्यातून, वाढवता येते. ती वाढवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. मर्यादा गाठल्यावर आउटलुक नवे मेल घेणे थांबवेल, हा त्रास खरा. पण ८० जीबीची एक फाइल बिघडल्यावर दुरुस्तीच्या साधनासमोर तासन्‌तास बसून राहणे हा त्याहून मोठा त्रास आहे.

त्यापेक्षा खरेदी विभागाचे मेल आर्थिक वर्षांनुसार वेगळ्या पीएसटी फाइलींत काढा. ‘डेटा फाइल्स’ या सेटिंगमधून नवी फाइल तयार करावी, जुन्या वर्षाचे फोल्डर तिच्यात ओढावेत, मग मूळ फाइलीवर ‘कॉम्पॅक्ट नाऊ’ चालवावे. हलवल्याबरोबर मूळ फाइल लहान होत नाही. बंद झालेल्या वर्षाच्या फाइलीत पुढे बदल होत नाही, म्हणून तिचा बॅकअप एकदा घेतला की पुरतो. चालू फाइल कारखान्याच्या नेटवर्कवरील सामायिक फोल्डरात ठेवू नका, आणि संगणकावरील फोल्डर इंटरनेटवर आपोआप चढवणाऱ्या सेवेच्या कक्षेतही ठेवू नका. ती सतत उघडी असते आणि सतत बदलते, त्यामुळे अर्धवट प्रत चढण्याचा धोका असतो. विंडोजमध्ये पीएसटीची नेहमीची जागा ‘डॉक्युमेंट्स’मधील ‘आउटलुक फाइल्स’ हा फोल्डर आहे आणि नेमका ‘डॉक्युमेंट्स’च अशा सेवेशी जोडलेला असतो, हे तपासून पाहा.

फाइल उघडेनाशी झाली तर ‘स्कॅनपीएसटी’ नावाचे दुरुस्तीचे साधन ऑफिसच्याच फोल्डरात असते. दुरुस्तीपूर्वी ते फाइलीची प्रत घेण्याची सोय देते, ती नाकारू नका. ज्या मेलांचा मूळ फोल्डर सापडत नाही ते ‘लॉस्ट अँड फाउंड’ नावाच्या फोल्डरात गोळा होतात. पीएसटीला पासवर्ड लावून मेल सुरक्षित होतात, हा समजही सोडून द्यावा. तो पासवर्ड मजकुराला कुलूप घालत नाही आणि तो काढून टाकणारी साधने सहज मिळतात.

काही संगणकांवर पीएसटीऐवजी ‘ओएसटी’ फाइल दिसेल. ती सर्व्हरवरील पेटीची स्थानिक प्रत असते, त्या खात्याशी बांधलेली असते आणि दुसऱ्या संगणकावर नेऊन सरळ उघडता येत नाही. बॅकअप म्हणून तिचा उपयोग नाही. सर्व्हर शाबूत असेल तर ती पुन्हा उतरते.

प्रश्न : अँटीव्हायरसने काल रात्री तपासणी केली आणि आज थंडरबर्डचा इनबॉक्स पूर्ण रिकामा आहे. एका मेलमध्ये व्हायरस होता म्हणून सगळे मेल कसे जातील? (लातूर)

उत्तर : अँटीव्हायरसला मेल दिसत नाहीत, फाइल दिसते. एमबॉक्स पद्धतीत सबंध इनबॉक्स ही एकच फाइल असल्यामुळे, तिच्यातल्या एका अटॅचमेंटमध्ये संशयास्पद काही आढळले की ती सगळी फाइलच ‘क्वारंटाइन’मध्ये टाकली जाते. थंडरबर्ड ताबडतोब बंद करा, अँटीव्हायरसच्या क्वारंटाइनच्या यादीतून ‘इनबॉक्स’ ही फाइल मूळ जागी परत आणा आणि दरम्यान नवे मेल आले असतील तर थंडरबर्डने तयार केलेली नवी छोटी ‘इनबॉक्स’ फाइल आधी वेगळ्या नावाने बाजूला ठेवा. त्यानंतर संशयास्पद मेल काढून, ट्रॅश रिकामा करून, फोल्डर कॉम्पॅक्ट करा. कॉम्पॅक्ट केले नाही तर व्हायरस फाइलीत तसाच राहील आणि पुढच्या तपासणीत हाच प्रकार पुन्हा घडेल. शेवटी प्रोफाइल फोल्डर तपासणीतून वगळा, आणि येणारा प्रत्येक मेल आधी स्वतंत्र फाइलीत उतरवून अँटीव्हायरसला तपासू देण्याचा पर्याय थंडरबर्डच्या सुरक्षा-सेटिंग्जमध्ये आहे, तो चालू करा.

प्रश्न : मी ठाण्यात ग्राफिक डिझाइनर आहे आणि मॅकवरचा ‘मेल’ वापरते. त्याच्या फोल्डरची प्रत घेताना लाखाहून अधिक बारीक फाइली असल्याचे दिसले आणि प्रत व्हायला रात्र गेली. सगळे एका फाइलीत का ठेवत नाहीत?

उत्तर : पूर्वी ठेवत असत. ॲपलचा मेल २००५च्या ‘टायगर’ आवृत्तीपर्यंत एमबॉक्सच वापरत होता. त्या आवृत्तीत ‘स्पॉटलाइट’ हा शोध आला. स्पॉटलाइट फाइली शोधतो, म्हणून प्रत्येक मेल ही स्वतंत्र फाइल करणे सोयीचे झाले. या ‘ईएमएलएक्स’ फाइलींत पहिल्या ओळीत मेलची लांबी बाइटांत, नंतर मूळ मेल आणि शेवटी वाचला-न वाचला यांसारख्या खुणा असतात. पडद्यावरची यादी ‘एन्व्हलप इंडेक्स’ नावाच्या एसक्यूलाइट फाइलीवरून येते.

एक मेल, एक फाइल ही कल्पना ॲपलची नव्हे. १९७०च्या दशकाच्या अखेरीस रँड कॉर्पोरेशनमध्ये तयार झालेल्या ‘एमएच’ या प्रोग्रामात मेल क्रमांकाच्या नावाने स्वतंत्र फाइलींत राहत. पुढे १९९०च्या दशकाच्या मध्यात डॅनियल बर्नस्टाइन यांनी ‘क्यूमेल’ या सर्व्हरसाठी ‘मेलडिर’ ही पद्धत आणली. तिच्यात ‘टेम्प’, ‘न्यू’ आणि ‘कर’ असे तीन फोल्डर असतात. मेल पहिल्यात पूर्ण लिहून होतो आणि मगच दुसऱ्यात सरकवला जातो, त्यामुळे वीज गेली तरी अर्धवट मेल कोणाच्या नजरेला पडत नाही. दोन प्रोग्रामांनी एकाच वेळी पेटी उघडली तरी कुलूप लावावे लागत नाही. मेल वाचला, उत्तर दिले अशा खुणा फाइलीच्या नावातच अपूर्णविरामानंतर एकेका अक्षराने लिहिल्या जातात. विंडोजला फाइलीच्या नावात अपूर्णविराम चालत नाही, हे तिकडे ही पद्धत जशीच्या तशी न रुजण्याचे एक कारण. थंडरबर्डमध्येही नव्या खात्यासाठी असा पर्याय देता येतो, पण नेहमीची पद्धत अजून एमबॉक्सच आहे.

लाखभर फाइलींची पहिली प्रत संथ होणारच, कारण प्रत्येक फाइलीमागे उघडणे, नोंदवणे, बंद करणे हे काम असते. दुसऱ्या दिवसापासून मात्र चित्र पालटते. मॅकमधील ‘टाइम मशीन’ या बॅकअपच्या सोयीला फक्त नव्या आलेल्या फाइली उचलाव्या लागतात. दहा जीबीच्या एमबॉक्समध्ये एक मेल जरी वाढला, तरी फाइलीची तुलना करून प्रत घेणारे साधे बॅकअप-साधन सगळे दहा जीबी पुन्हा उचलते. तेव्हा रोजचा बॅकअप टाइम मशीनवर सोपवा आणि वर्षअखेरीस ‘एक्स्पोर्ट मेलबॉक्स’ वापरून जुने फोल्डर एमबॉक्समध्ये काढून ठेवा. ते इतर बहुतेक प्रोग्रामांत उघडतील.

प्रश्न : मडगावहून लिहितो आहे. नवा संगणक घेतला असून थंडरबर्ड त्यावर न्यायचे आहे. खाते आयमॅप आहे. ‘आयमॅपमेल’ नावाच्या फोल्डरात सगळे मेल दिसतात, तो नेला की बॅकअप झाला असे समजू का? शिवाय माझ्या मराठी नावांच्या फोल्डरांची नावे तेथे अगम्य दिसतात.

उत्तर : बॅकअप असे समजू नका. आयमॅपमध्ये मूळ मेल सर्व्हरवर असतात आणि ‘आयमॅपमेल’मध्ये त्यांची छाया असते. सर्व्हरवरून किंवा मोबाइलवरून मेल काढला की पुढच्या जुळणीत तो येथूनही जातो. जे मेल कायम हवेत ते ‘लोकल फोल्डर्स’मध्ये कॉपी करा, म्हणजे ते ‘मेल’ या वेगळ्या फोल्डरात जातील आणि सर्व्हरवर काहीही झाले तरी तेथे राहतील. जीमेलचे खाते असेल तर आणखी एक गोष्ट. तेथे एकच मेल ‘इनबॉक्स’ आणि ‘ऑल मेल’ अशा दोन ठिकाणी दिसतो. थंडरबर्ड तो दोनदा डिस्कवर उतरवते, म्हणून ‘ऑल मेल’ची सदस्यता काढली तर बरीच जागा वाचते.

फोल्डरांची अगम्य नावे ही बिघाडाची खूण नाही. आयमॅपच्या मूळ नियमांत देवनागरी नावे ‘अँड’च्या चिन्हाने सुरू होणाऱ्या एका सांकेतिक रूपात लिहावी लागतात, आणि डिस्कवर तेच रूप उमटते. ती नावे हाताने बदलू नका. उपफोल्डर ‘एसबीडी’ असे शेपूट असलेल्या फोल्डरांत असतात, तेही तसेच राहू द्या.

स्थलांतरासाठी ‘हेल्प’ मेनूतील ‘ट्रबलशूटिंग इन्फर्मेशन’मधून प्रोफाइल फोल्डर उघडा. विंडोजमध्ये तो ‘ॲपडेटा’ या लपवलेल्या फोल्डरात असतो, म्हणून एरवी सहज सापडत नाही. थंडरबर्ड बंद करून तो संपूर्ण फोल्डर नव्या संगणकावर न्या. तेथे थंडरबर्ड एकदा सुरू करून बंद करा, आणि त्याने तयार केलेल्या नव्या प्रोफाइलमधील सर्व काही काढून त्या जागी आपल्या जुन्या प्रोफाइलमधील फाइली ठेवा. त्यानंतर इंटरनेट तोडून थंडरबर्ड उघडा. जोडणी चालू असेल तर राहून गेलेले मेल ते सर्व्हरवरून गुपचूप आणेल आणि प्रत पूर्ण झाली की नाही हे कळणार नाही. प्रत्येक लोकल फोल्डरमधील मेलांची संख्या जुन्या संगणकाशी ताडून पाहा, सर्वांत जुन्या काही मेलांची अटॅचमेंट उघडून बघा, आणि ती उघडली की मगच जुन्या संगणकावरचे प्रोफाइल काढा.